लॅपटॉपला घातलेलं खोबरेल

दादा,

तुझा लॅपटॉप परवा दुपारी चालला. हे आधी सांगतो, कारण तू असतास तर हेच आधी विचारलं असतंस. मी खारेपाटणहून गाड्या बदलत घरी यायचो, पाय धुवायच्या आत तुझं सुरू व्हायचं, "मास्तर, ह्यां बघ, आज परत सीडी वाचणा नाय." भाऊ कसा आहे, जेवला का, हे सगळं मागाहून. वहिनी आतून म्हणायची, "अवो, तेका पाणी तरी पिवक देवा." पाणी मिळायचं, पण ते लॅपटॉपच्या शेजारी बसून प्यावं लागायचं.

तर तो चालला. आणि मला आनंद झालेला नाही. मला तुझा राग आला आहे, आणि तेरावं होऊन गेलं तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला अख्खी वाडी आहे, ती पडवीत येऊन बोलून जाते, चहा पिऊन जाते. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाशी करता येत नाही.

भांडण जुनंच आहे. एकदा सगळं ओळीने मांडतो, म्हणजे माझा तरी हिशेब लागेल.

आपल्या वाडीची राखण माघात. किनाऱ्याच्या टोकाला खडपात जो काळा दगड आहे, तो वाडीचा राखणदार. वर्षातून एकदा त्याच्यासमोर सगळी वाडी जमते, नारळ आणि कोंबडा देते, आणि गाऱ्हाणं सांगितलं जातं. वर्षभर होड्या सांभाळ, पोरंबाळं सांभाळ, असं देवाला मोठ्याने सांगायचं, आणि सांगणारा थांबला की सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." सांगण्याचा मान आपल्या घराचा, घरातल्या थोरल्याचा. आपले बाबा सांगायचे तेव्हा मधे कुठे अडखळत नसत. आधी गावचे देव, मग वेशीवरचे, मग ज्यांना देऊळ नाही असे, खाडीच्या तोंडचे, पाण्यातल्या खडकावरचे, एकेकाला नावाने हाक. एखादा राहिला तर तो रुसतो म्हणे. आणि ते कागदावर उतरवायचं नाही, असा बाबांचा कायदा होता. "तोंडातसून तोंडात जावक व्हया," म्हणायचे.

तोंड तुझं होतं. माझं नव्हतं. थोरला धडधाकट असताना धाकट्याने गाऱ्हाणं पाठ केलं, तर ते थोरल्याच्या वाईटावर टपून बसल्यासारखं होतं, असं आपल्या घरात मानतात. म्हणून मी लहानपणापासून "व्हय म्हाराजा" तेवढं म्हटलं. मास्तरकी करून शेकडो पोरांकडून कविता घोकून घेतल्या, पण हे घोकायची मला मुभा नव्हती. तुला होती. तुला ती नको होती.

मग तो लॅपटॉप आला. मुंबईच्या आतेभावाच्या कंपनीने मोडीत काढलेला. तिकडे कचऱ्यात गेला असता, इकडे देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जाऊन बसला. होडीचं इंजिन खोलणारा माणूस तू, तुला वाटलं हेही इंजिनच, जरा पातळ एवढंच. बोट लावून लावून शिकलास, कुणी शिकवलं नाही, ते मी मान्य करतो. वाडीतल्या लग्नांचे फोटो सीडीवर घालून द्यायला लागलास. आणि एका राखणेला, बाबा गाऱ्हाणं सांगत असताना, खिशात छोटा रेकॉर्डर ठेवून उभा राहिलास. घरी येऊन ते सीडीवर चढवलंस आणि मला अशा थाटात दाखवलंस की जणू दर्यात न उतरता जाळं भरलं.

त्या पावसाळ्यात मी तुला काय सांगितलं होतं, आठवतं?

"बाबांसमोर बस. होडी वर घेतलेली आसा, काम नाय, धंदो नाय. रोज एक ओळ घे."

"कित्याक? सीडीत आसा मां सगळा."

"राखणेक सीडी उभी रवतली?"

"मास्तर, तुमच्या शाळेत पोरां पाढे घोकतत, म्हणान सगळ्या जगान घोकूचा? ह्या यंत्रान घोकल्यान. तेका झोप येणा नाय, ता विसरणा नाय."

बाबा झोपाळ्यावर ऐकत होते. त्याच पावसाच्या शेवटी ते गेले, आणि त्यानंतरच्या माघात तू त्यांच्या जागी उभा राहिलास. मला काही येता आलं नाही. माघात शाळेत तपासणी, परीक्षा, संमेलन, सगळं एकदम निघतं, दरवर्षी तसंच. मी एकदाच विचारलं, "तुका सगळा येता?" तू पोटावर हात ठेवलास. "हंय आसा. आणि सीडीत आसा." पोटावर हात ठेवून खोटं बोलणारा माणूस मी तुझ्याआधी पाहिला नव्हता. पण ते मला परवा कळलं.

त्या सीडीची दुसरी प्रत काढ, असं मी किती वेळा म्हटलं. निदान ही बंद तरी कर, म्हणजे कुठल्याही मशीनवर लागेल, हे मला शाळेतल्या संगणकवाल्या सरांनी सांगितलं होतं. तुझं एकच उत्तर. "बंद केलंय तर फुडच्या वर्षाचा खंय घालू? अजून जागा आसा तिच्यात." तू कधीच काही बंद केलं नाहीस. रंगाचा डबा, सिमेंटची गोणी, माडाखालच्या शौचालयाची भिंत, माझ्याशी काढलेला वाद. अर्धं ठेवायचं आणि वर म्हणायचं, अजून जागा आहे.

आणि मग थंडीत ड्राइव्ह बिघडायला लागला. पावसात ठीक, उन्हाळ्यात ठीक, मार्गशीर्ष लागला की आजारी. सीडी घातली की हिरवा दिवा लुकलुकायचा, आत खर्र, खर्र, मग टक्, आणि पडद्यावर सूचना, की डिस्क घाला. घातलेली असताना. तुझं म्हणणं, खारी हवा. समुद्राकाठी खिळा गंजतो, माणसाचे सांधे गंजतात, तर हे काय चीज. माझं म्हणणं, भिंग मळलंय. यावर आपण किती जेवणं थंड केली. मी शाळेतून स्पिरिट आणलं, कापसाने भिंग पुसलं, तरी टक्. तू म्हणालास, "बघलंस? मीठ आसा." दुकानातली भजनाची नवी करकरीत सीडी घालून बघितली, तरी टक्. मी म्हटलं, "बघलंस? म्हणजे सीडीचो दोष नाय, भिंगाचोच." दोघेही जिंकायचो आणि मशीन बंदच.

तुझा इलाज तर सगळ्यात भारी. सकाळी लॅपटॉप उचलून घरापुढच्या खळ्यात उन्हात ठेवायचास. वहिनीने सुकत घातलेल्या सुंगटांच्या, कोळंबीच्या वाळवणाच्या शेजारी. मांजराला हाकायचं काम दोन्हींसाठी एकच. "थंडी लागता तेका," म्हणायचास. मी म्हटलं, दुपट्यात गुंडाळ, काजळाची तीट लाव. तू रागावला नाहीस. दुपारी आत आणलास, सीडी घातलीस, आणि ती चालली. तू माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंस, की जणू तूच सूर्य उगवून दाखवलास. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

या डिसेंबरात ऊनही पुरेनासं झालं. तेव्हा तू ते मशीन कापडी पिशवीत घालून कणकवलीला नेलंस. तिथल्या दुकानदाराने ते न उघडताच सांगितलं, नवा ड्राइव्ह टाका. तू तसाच परत आलास. आणि त्याच डिसेंबरात तुझ्या छातीत कळ यायची, हे तू मला सांगितलं नाहीस. वहिनीला म्हणालास, वायू धरलाय. वाटीत खोबरेल कोमट करून चोळून घेतलंस. दादा, कणकवलीला जाणारी एसटी तीच होती. मशीन नेलंस, छाती नेली नाहीस. हे मी तुला कधीच माफ करणार नाही, हे इथे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही.

पौषातल्या एका सकाळी होडीकडे जायला निघालास, खळ्याच्या पायरीवर टेकलास, आणि उठला नाहीस.

तेराव्यानंतर तात्या आले. वाडीत आता वयाने तेच मोठे. पडवीच्या कडेला बसले, तपकीर ओढली आणि म्हणाले, "मास्तर, माघात राखण आसा. आता तुमच्या तोंडचा." घरात वर्षभर सणवार नाही, पण राखण वाडीची, ती कुणाच्या जाण्याने थांबत नाही. तुझ्या पाठी मुलगा नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "तात्यानू, माका चार ओळी येतत. फुडचा माका कोणी दिल्यान नाय." तात्या उठता उठता म्हणाले, "तुम्ही सांगशात ता आमी आयकू. आमचा काय, आमी व्हय म्हणतलो." तेव्हा मला ते बोलणं म्हातारपणाचं वाटलं.

वहिनी दाराआडून म्हणाली, "हेंनी सांगलेला, सगळा सीडीत आसा म्हणान."

रजा टाकली आणि बसलो. चाळीस वर्षं ज्याला मनाई, ते आता थोड्या दिवसांत शिकायचं होतं, आणि शिकवणारा एक आजारी लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीच मेलेली, म्हणजे वीज असेल तोवरच तो जिवंत, आणि विजेचं आपल्याकडे काय चालतं ते तुला ठाऊक आहे. सीडी घातली. खर्र, खर्र, टक्. डिस्क घाला. पुन्हा घातली. टक्.

मग वाटलं, मशीनच्या नादी कशाला लागा, सीडी घेऊन देवगडला जावं. तिथल्या दुकानदाराने आपल्या संगणकात घातली आणि म्हणाला, "सर, ही रिकामी आहे." त्याने ती काढून उजेडात तिरकी धरली. आतल्या बाजूला एक गडद पट्टा होता, बाकीची फिकट. "लिहिलेली आहे," तो म्हणाला. "पण बंद केलेली नाही. ज्या ड्राइव्हने लिहिली त्याच्यातच लावून बघा. दुसऱ्याला ती कोरीच वाटते." म्हणजे नवा ड्राइव्ह टाकूनही काही उपयोग नव्हता. तू अजून जागा आहे म्हणत उघडी ठेवलेली सीडी, तुझ्या त्या एका मशीनखेरीज जगात कुणी वाचू शकत नव्हतं. दादा, मी देवगडच्या एसटी स्टँडवर उभा राहून तुला शिव्या दिल्या. शेजारी एक बाई पापलेटाची टोपली घेऊन बसली होती, ती जरा सरकून बसली.

घरी आलो ते हट्टालाच पेटून. आधी सॉफ्टवेअरमधून ड्राइव्ह काढून टाकला, मशीन पुन्हा सुरू केलं, त्याने तो पुन्हा ओळखला. म्हणजे तारेचा दोष नाही. मग खालचा स्क्रू काढून ड्राइव्ह ओढून बाहेर घेतला, त्याचे पितळी दात खोडरबराने घासले, परत बसवला. टक्. भिंग पुसलं. टक्. शेवटी तो परत बाहेर काढला, टाचणी त्याच्या भोकात खुपसली, कप्पा उघडला आणि चष्मा कपाळावर चढवून आत बघितलं. भिंग ज्या दोन दांड्यांवरून मागेपुढे सरकतं, त्या दांड्यांवर पांढरं काहीतरी साचलं होतं. मीठ.

मी तसाच मागे टेकलो. मनात म्हटलं, जिंकलास बाबा. खारी हवाच होती. हयात असतास तर वर्षभर ऐकवलं असतंस. नखाने ते पांढरं खरवडलं, चिमटीत धरलं. आणि ते वितळलं. बोटाच्या उबेने वितळलं. मीठ असं वितळत नाही. बोटं नाकाशी नेली.

खवट खोबरेल.

दादा, तू लॅपटॉपच्या ड्राइव्हला खोबरेल घातलं होतंस. बिजागरीला घालायचास तसं. शिलाई मशीनला, कुलपाला, सायकलच्या चेनीला, बाबांच्या झोपाळ्याच्या कड्यांना, पंख्याला, आणि शेवटी स्वतःच्या छातीला. जे कुरकुरेल त्याला तेल. कधीतरी तो कप्पा जरा अडकला असेल, तू माजघरातून बाटली आणून दोन थेंब सोडले असशील, आणि विसरून गेला असशील. उन्हाळ्यात ते पातळ, थंडीत बाटलीतल्यासारखंच गोठून घट्ट. भिंग जागचं हलणार कसं? म्हणून ते मार्गशीर्षात आजारी आणि चैत्रात बरं. म्हणून ते खळ्यातल्या उन्हात बरं. तुझं मीठ नव्हतं आणि माझी धूळही नव्हती. एवढे हिवाळे आपण ज्यावरून भांडलो, त्यात दोघेही चुकलेले, आणि हे आता सांगायचं तर समोर कुणी नाही. मी हसलो. वहिनी चुलीपाशी होती, ती दारात येऊन बघून गेली. मला वाटतं तिला वाटलं असेल मास्तर रडतोय. दोन्ही होतं.

दिसेल तेवढं तेल स्पिरिटने पुसलं. भिंगाखाली होतं तिथे कापूस पोचेना. मग काय करणार, तुझाच इलाज. परवा सकाळी लॅपटॉप खळ्यात ठेवला. सुंगटं होतीच. मांजरही होतं. मी खुर्ची टाकून काठी घेऊन बसलो, पदवीधर माणूस.

दुपारी पडवीत आणून तारेला जोडला आणि घातली सीडी. खर्र झालं. टक् झालं नाही.

वहिनीला हाक मारली. ती पायरीवर येऊन बसली, त्याच पायरीवर, पण तिने तसं दाखवलं नाही. सीडीत वर्षावार तुकडे होते. पहिला बाबांचा. लावला. वारा. नुसता वारा, आणि लाटा. त्यातून बाबांचा आवाज, लांबून, आपल्याकडे पाठ करून दर्याकडे तोंड केलेल्या माणसाचा. "बा देवा राखणदारा..." एवढं कळलं, पुढचं वाऱ्याने नेलं. आणि मग एकदम, स्पीकर फाटेल असं, "व्हय म्हाराजा!" वहिनी दचकली. तो तू होतास. रेकॉर्डर तुझ्या खिशात, तुझ्या तोंडाखाली. पुन्हा बाबांची कुजबुज, एखादं नाव अर्धं, वारा, आणि पुन्हा तुझं "व्हय म्हाराजा!" अख्ख्या वाडीच्या आधी, अख्ख्या वाडीपेक्षा मोठ्याने. मी स्पीकरला कान लावला, पुन्हा पुन्हा लावलं. बाबांचा एकही देव धड ऐकू आला नाही. तुझे होकार मात्र सगळे आलेत.

वहिनीने तोंडाला पदर लावला होता. म्हणाली, "परत लावा." तिला बाबांचं नको होतं. मी लावलं.

मग पुढच्या वर्षाचा तुकडा. यात सांगणारा तू. रेकॉर्डर खिशातच, म्हणून तुझं अक्षर न् अक्षर स्पष्ट. माझ्या जिवात जीव आला. सुरुवात तीच, मला येणाऱ्या चार ओळी, ठसक्यात. गावचे देव झाले. वेशीवर आलास. आणि थांबलास. खोकलास. तो खोकला मी ओळखतो, शाळेत गृहपाठ न करता आलास की मास्तरांसमोर असाच खोकायचास. मग तू पहिल्याच ओळी जरा वेगळ्या चालीत परत म्हटल्यास, आणि वाडी म्हणाली, व्हय म्हाराजा. मग पुढचं सगळं तुझ्या मनचं. पुढच्या वर्षी त्याच जागी खोकला, पुढचं पुन्हा वेगळं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वेगळं.

तुला येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. त्या पहिल्या तुकड्यात वाराच आहे, हे तुला घरी आल्या दिवशी कळलं असणार, आणि तेव्हा बाबा झोपाळ्यावर जिवंत बसलेले होते. उठून त्यांच्यासमोर बसायला किती पावलं होती? पण मला म्हणून चुकला होतास ना, सीडीत आहे. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. माझ्यासमोर खोटं पडू नये म्हणून तू बाबांचं सगळं समुद्रात जाऊ दिलंस. ज्यांना देऊळ नाही त्या देवांची नावं आता या जगात कुणाला माहीत नाहीत, दादा. खाडीच्या तोंडाशी कोण आहे ते कुणाला माहीत नाही. हे तुझं काम आहे. रडतानाही मला हे विसरता येत नाही.

पण मी सगळं ऐकलंय, तर सगळं सांगतो. त्या मनच्या भागात तू काय काय घातलं होतंस. एका वर्षी कुणाचं इंजिन, एका वर्षी कुणाच्या मुलीचं लग्न, वहिनीचे गुडघे. दरवर्षी बदलत गेलंय. एकच वाक्य बदललेलं नाही, प्रत्येक तुकड्यात शेवटी शेवटी येतं.

"आणि म्हाराजा, माझो भाव खारेपाटणाक मास्तर आसा. तो थंय एकटो आसा. तेका सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

मी मशीन बंद केलं. वहिनी उठून सुंगटं गोळा करायला लागली, माझ्याकडे बघितलं नाही. दादा, एवढ्या वर्षांत तू मला तोंडावर कधी विचारलंस, एकटा आहेस, कसं काय चाललंय? सीडी वाचणा नाय, हेच विचारायचास. मी आलो की मशीन पुढे करायचास. आणि तिकडे वाडीसमोर, देवासमोर, खिशात रेकॉर्डर ठेवून हे. एवढं सांगायला तुला देव मधे लागला. मी समोर बसून पाणी पीत होतो.

त्या संध्याकाळी सीडीची प्रत काढली आणि मूळची बंद केली. एक कळ दाबायची होती. तुझी एवढी एकच गोष्ट पुरी झाली, तीही मला करावी लागली.

आणि आज राखण झाली.

सगळी वाडी होती. वहिनी बायकांत मागे उभी. कोंबडा, नारळ, तांदूळ, उदबत्ती वाऱ्याने राहीना. मी दगडासमोर उभा राहिलो, दर्याकडे तोंड करून. येणाऱ्या चार ओळी म्हटल्या. व्हय म्हाराजा. गावचे देव झाले. व्हय म्हाराजा. वेशीवर आलो, तुझ्या खोकल्याच्या जागी. तिथून पुढे काहीच नाही. मला खोकायचं नव्हतं. लाटा येत होत्या, माणसं थांबली होती. मनचं काही रचावं असं वाटलं, तुझ्यासारखं, पण मला ते जमेना. मग जे खरं होतं ते सांगितलं.

"बा देवा म्हाराजा, हेच्या फुडचा माझ्या भावान सांगान ठेवलंय म्हणान सांगल्यान. ठेवल्यान नाय, म्हाराजा."

मला वाटलं कुणीतरी चुळबुळ करील. कुणी केली नाही.

"व्हय म्हाराजा."

"तेकाच येय नव्हता, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." लगेच, नेहमीसारखं. तात्यांनी तर डोळे मिटलेले होते. तेव्हा मला कळलं की त्यांना ठाऊक होतं. पहिल्या माघापासून सगळ्यांना ठाऊक होतं. ते दरवर्षी तुला अडताना बघत होते आणि व्हय म्हणत होते. कळलं नव्हतं ते मला एकट्याला.

त्यापुढे मला एकच वाक्य येत होतं. ते तुझं होतं. मी ते उलटं फिरवलं.

"म्हाराजा, माझो भाव तुझ्याकडे इलेलो आसा. तो थंय एकटो आसा. तेका सांभाळ."

बाबा सांगायचे तेव्हा पहिला आवाज तुझा असायचा. आज तात्यांनी आधी म्हटलं. तुझ्याएवढं मोठ्याने नव्हतं, पण म्हटलं, आणि मग सगळी वाडी म्हणाली. मी नारळ फोडला.